संख्याशास्त्राची पदवी आणि ग्रंथालयातील मूल्यमापन

सप्रेम नमस्कार,

आपण ऐरोलीहून लिहिता की, संख्याशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या आपल्या मुलीला ग्रंथालयशास्त्र शिकायचे आहे, आणि पुस्तकांच्या देवघेवीत तिचे शिक्षण वाया जाईल अशी आपल्याला भीती वाटते. महाविद्यालयीन ग्रंथालयांत आज ज्या कामाची उणीव मला सर्वाधिक जाणवते, त्याला तिच्यासारखीच माणसे हवी आहेत. ते काम म्हणजे ग्रंथालयाचा विद्यार्थ्यांना खरोखर किती उपयोग होतो, हे तपासणे.

नवी मुंबईतील एखाद्या महाविद्यालयाची अभ्यासिका परीक्षेच्या काळात भरलेली असते आणि त्याच आठवड्यांत पुस्तकांची देवघेव मात्र घटते. ग्रंथालयात येणाऱ्यांच्या नोंदी पाहिल्या तर ग्रंथालय यशस्वी दिसते, देवघेवीच्या नोंदी पाहिल्या तर अपयशी. घरी जागा अपुरी असलेल्या मुलांना तिथे शांत बाक हवा असतो, हे त्यांना विचारल्याशिवाय कळत नाही. ई-नियतकालिकांचेही तसेच आहे. ‘काउंटर’ या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार प्रकाशक वापराची आकडेवारी ठरावीक पद्धतीने देतात, तिच्यावरून प्रत्येक वापरामागचा खर्च काढता येतो. परंतु वापर कमी असण्याचे कारण नियतकालिक निरुपयोगी असणे हे आहे, की विद्यार्थ्यांना लॉगिनच माहीत नसणे, हे शोधल्याशिवाय वर्गणी बंद करणे मला अन्यायाचे वाटते. अमेरिकेत 2000 साली सुरू झालेल्या ‘लिबक्वाल’ या ग्रंथालय-सेवेच्या दर्जाच्या पाहणीत 22 मुद्द्यांवर वाचकाला किमान अपेक्षा, इच्छित पातळी आणि प्रत्यक्ष अनुभव असे तिन्ही विचारतात. त्यांतील अंतर मोजणे आणि त्याचा अर्थ लावणे हे संख्याशास्त्राचेच काम आहे.

मात्र आपल्याकडे या कामासाठी स्वतंत्र पद क्वचितच असते, ते ग्रंथपालाच्याच जबाबदारीत येते. महाविद्यालयात ग्रंथपाल होण्यासाठी बी.लिब. ही ग्रंथालयशास्त्राची पदवी, नंतर किमान 55 टक्के गुणांसह एम.लिब. ही पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा हा मार्ग आहे. मुंबई विद्यापीठ आणि एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठ या दोन्ही ठिकाणी हे शिक्षण मिळते. कायमच्या जागा सावकाश भरल्या जातात, त्यामुळे सुरुवातीची काही वर्षे कंत्राटी नोकरीची तयारी ठेवावी.

प्रवेश घेण्यापूर्वी तिने आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना भेटून, वाचकांची नावे वगळलेल्या देवघेवीच्या नोंदी अभ्यासासाठी मागाव्यात. कोण काय वाचतो हे गुप्त राखणे हा या कामाचा पहिला नियम असल्याने नावे वगळण्याचा आग्रह तिनेच धरावा.