ओपीडीत 'का?' विचारणाऱ्या मुलीला

प्रश्न : मी पुण्यात बीपीटीच्या (फिजिओथेरपीच्या पदवीच्या) तिसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. आमच्या ओपीडीत गुडघेदुखीच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाला अल्ट्रासाउंडचं मशीन लावतात (सोनोग्राफीचं नव्हे, ध्वनिलहरींनी उपचार करणारं). कारण विचारलं तर 'असंच करतात' एवढंच उत्तर मिळतं. गुगलवर आणि चॅटबॉटवर शोधलं, पण कशावर विश्वास ठेवायचा ते कळत नाही. शोधनिबंध वाचताना इंग्रजी आडवं येतं. एक संस्था १५ हजारांत संशोधनाचं सर्टिफिकेट देते आहे. ते करू का? बाबा विचारतात, याने नोकरी मिळेल का?

उत्तर : तुला हा प्रश्न पडला याचा मला मनापासून आनंद झाला. तो सोडू नकोस.

आधी प्रश्न नीट बांध. 'अल्ट्रासाउंड चांगलं की वाईट' असं विचारशील तर हाती काही लागणार नाही. रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी आणि फरक कशात बघायचा, हे चारही त्यात यायला हवं. म्हणजे असं : गुडघ्याची झीज झालेल्यांना व्यायामासोबत अल्ट्रासाउंड दिलं, तर नुसत्या व्यायामापेक्षा दुखणं जास्त कमी होतं का? यातलेच चार-पाच शब्द इंग्रजीत करून शोधायचे. शोधायला गुगलऐवजी पेड्रो उघड. फिजिओथेरपीच्या उपचारांवर झालेल्या चाचण्या आणि अशा अनेक चाचण्या एकत्र तपासणारे आढावे यांचा हा मोफत ऑनलाइन संग्रह १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झाला. चाचणी किती काटेकोरपणे केली यासाठी त्यात १० पैकी गुणही दिलेले असतात. त्यानंतर पबमेड ही वैद्यकीय निबंधांची मोफत ऑनलाइन सूची आणि कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेचे आढावे बघ. चॅटबॉटने संदर्भ दिला तर तो पबमेडवर सापडतो का हे तपासल्याशिवाय वापरू नकोस. कित्येकदा तसा निबंध कुणी लिहिलेलाच नसतो.

'पण रुग्णांना बरं वाटतं ना,' असं तुला सांगतील. २००२ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये गुडघेदुखीच्या १८० रुग्णांवर झालेली एक चाचणी त्यासाठी वाच. काहींच्या गुडघ्यात दुर्बीण घालून सांधा साफ केला, काहींना फक्त त्वचेवर छेद देऊन टाके घातले. कुणाला काय केलं हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. दोन वर्षांपर्यंत खऱ्या शस्त्रक्रियेचा गट दुखण्यात किंवा हालचालीत सरस ठरला नाही. दुखणं आपोआप कमी-जास्त होत असतं, कुणी आपली काळजी घेतंय यानेही बरं वाटतं. म्हणून तुलनेचा गट लागतो.

इंग्रजीची धास्ती घेऊ नकोस. या निबंधांतले ठरावीक शब्द पुन्हा पुन्हा येतात, आठ-दहा निबंधांनंतर ते ओळखीचे होतात. निष्कर्षाकडे धावण्याआधी पद्धत वाच. गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले होते का? मोजणाऱ्याला कोण कोणत्या गटात आहे हे माहीत होतं का? मधेच किती जण गळाले? आणि फरक रुग्णाला जाणवेल एवढा होता का? संख्याशास्त्राच्या हिशेबात फरक 'लक्षणीय' ठरतो, पण जिना चढताना तो जाणवतही नाही, असं पुष्कळदा होतं.

मग आपल्या रुग्णाकडे ये. परदेशातल्या चाचणीत चालणं आणि जिना मोजलेला असतो. तुझ्यासमोरच्या आजींना मात्र मांडी घालून पूजेला बसायचं असतं, भारतीय पद्धतीचं शौचालय वापरायचं असतं. त्यांना काय हवंय ते विचारणं हाही याच अभ्यासाचा भाग आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत दुर्लक्षित राहतो.

सीनियरांशी वाद घालू नकोस. निबंधाची प्रत घेऊन जा आणि 'सर, हे आपल्या रुग्णांना लागू पडेल का?' असं विचार. कॉलेजात जर्नल क्लब, म्हणजे एकत्र बसून शोधनिबंधांवर चर्चा करणारा गट, असेल तर हाच विषय मांडायला माग.

बाबांना खरं ते सांगते. पहिली नोकरी देणारा क्लिनिकमालक बहुधा शोधनिबंध वाचता येतात का हे विचारणार नाही. पण एमपीटीचा (फिजिओथेरपीतल्या पदव्युत्तर पदवीचा) प्रबंध, क्लिनिकल रिसर्च, सार्वजनिक आरोग्य यांपैकी काहीही करायचं तर हे यावंच लागतं. आणि यासाठी पुण्याबाहेर बघायलाही नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचं पुणे जिल्ह्यातल्या वढू परिसरात वर्षानुवर्षं काम चालू आहे. केईएमनेच १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. आपल्याकडची बाळं वजनाला कमी असूनही त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं, हे त्यातून पुढे आलं. अशा अभ्यासांना घरोघरी जाऊन काटेकोर मोजमाप करणारी माणसं लागतात, आणि मराठी बोलणारी मुलगी तिथे कमी पडत नाही.

ते १५ हजार भरू नकोस. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद. तिच्या चेन्नईतल्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा 'हेल्थ रिसर्च फंडामेंटल्स' हा ऑनलाइन अभ्यासक्रम एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षण मंचावर आहे. तो मोफत शिकता येतो, पैसे फक्त परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तर. आणि 'पैसे भरा, महिन्याभरात तुमच्या नावाने पेपर छापून देतो' असं सांगणारे भेटतील, त्यांच्यापासून लांब राहा. पुढे मुलाखतीत कुणी तो पेपर उघडला तर त्यातलं प्रत्येक वाक्य तुलाच समजावून सांगावं लागेल.