लढाई नसते तेव्हाचं काम

श्रीवर्धन

पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवा जीवना बंदरावर तुझे बाबा भेटले. मासळी उतरवायची सोडून त्यांनी आधी तुझ्या चिल्काच्या, म्हणजे नेव्हीच्या प्रशिक्षण केंद्राच्या, बोलावण्याचं सांगितलं. मग जरा बाजूला घेऊन म्हणाले, "दादा, ती विचारतेय, लढाई नसली की नेव्हीत दिवसभर करतात तरी काय? नुसती रंगरंगोटी नि सलामी असते असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलंय." फोनवर धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

रंगरंगोटी असते. खाऱ्या वाऱ्यात लोखंड रोज गंजतं. हातोडीने गंज ठोकून काढायचा, घासायचं, प्रायमर लावायचा, रंग द्यायचा. डेकच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाला परत तांबडं दिसायला लागतं. जूनमध्ये बंदी लागली की तुझे बाबा होडी वर घेऊन दोन महिने काय करतात, आठव. त्याला कुणी रिकामपण म्हणत नाही. माझ्या सगळ्या नोकरीत माझ्या जहाजाने शत्रूवर एक गोळी झाडली नाही, आणि तरी मला एकही रिकामा दिवस आठवत नाही.

लहानपणी तू माझी डावी करंगळी धरून विचारायचीस, "काका, ही अर्धी कुठे गेली?" मी दरवेळी विषय बदलायचो. आज खरं सांगतो. नोकरीचं तिसरं वर्ष. समुद्रात पडलेल्या माणसाला उचलायचा सराव चालला होता. होडी खाली सोडायची, जायचं, टाकलेला पुतळा उचलायचा, परत जहाजाच्या कुशीला लागायचं. त्या दिवशीची ती चौथी फेरी होती. आमचा पेटी ऑफिसर, म्हणजे खलाशांवरचा मुकादम, हरयाणाचा, त्याचं दर खेपेला एकच ओरडणं, "हाथ अंदर!" चौथ्यांदा मला त्याचा कंटाळा आला. हात होडीच्या काठावर बाहेरून राहिला, लाटेने होडी उचलली आणि जहाजाच्या अंगावर नेऊन आपटली. चूक पूर्णपणे माझी. बोटाचं दुःख गेलं, पण 'हे काय तेच तेच' असं मनात आलं की आजही ती करंगळी ठणकते.

ते 'तेच तेच' कशाला असतं, हे मला २६ डिसेंबर २००४ नंतर कळलं. त्सुनामी आली तो रविवार होता. आपल्याकडे अंदमान आणि तामिळनाडूचा किनारा धुऊन निघाला होता, आणि त्याच वेळी आपली जहाजं श्रीलंका, मालदीव, इंडोनेशियाकडेही निघाली. श्रीलंकेच्या मोहिमेला नाव होतं ऑपरेशन रेनबो. आम्ही त्या किनाऱ्याला पोचलो तर समोर आपलंच गाव उलटं करून ठेवल्यासारखं. माड तेच, होड्या तशाच, फक्त होड्या घरांच्या छपरांवर आणि छपरं पाण्यात. आमच्या जेमिनीने, म्हणजे रबरी होडीने, शंभर वावही गेलो नसू, तोच पंख्यात नायलॉनचं जाळं गुंडाळलं. ओबीएम, म्हणजे होडीच्या मागे लावायचं इंजिन, वर घेतलं, जाळं कापलं, सुरू केलं, परत तेच. शेवटी इंजिन वर बांधून वल्ही काढली. जहाजावर असताना वल्हवण्याचा सराव आला की आम्ही कुरकुरायचो, की इंजिनाच्या जमान्यात हे कशाला. त्या चार दिवसांत औषधं नि पाणी वल्ह्यांवरच किनाऱ्याला गेलं.

आणि एक म्हातारा कोळी होता. त्याची भाषा आम्हाला येत नव्हती, आमची त्याला. तो कमरेएवढ्या पाण्यात येऊन आमच्या होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, बसला आणि नुसत्या हाताने दाखवू लागला. तळहात उजवीकडे, तळहात डावीकडे, मूठ आवळली की थांबा. खाली बुडालेली भिंत कुठे, खांब कुठे, त्याला पाठ होतं. आमच्याकडे नकाशा होता, पण तो त्सुनामीच्या आधीचा. आमचा ऑफिसर हुशार, त्याने नकाशा घडी करून ठेवला आणि म्हाताऱ्याच्या हाताकडे बघितलं.

सेलिंगला गेलीस की तुला मोठे सरावही दिसतील. अमेरिकेबरोबरचा मलबार १९९२ पासून चालू आहे, आता त्यात जपान आणि ऑस्ट्रेलियाही असतात. फ्रेंचांबरोबर वरुणा असतो. मिलन हा अनेक देशांचा मिळून सराव १९९५ मध्ये पोर्ट ब्लेअरला सुरू झाला. बातम्यांत तोफा दाखवतात. तू मात्र तेल घेणं बघ. दोन जहाजं तीस-चाळीस मीटरांवर शेजारी शेजारी, एकाच वेगाने, एकाच दिशेने, आणि मधून पाइप. सुकाणूवरच्या माणसाने जरा ढिलाई केली तर दोन्ही जहाजं एकमेकांना भिडतील. हे जमतं म्हणून आपलं जहाज बंदरात न परतता लांबच्या किनाऱ्यावर आठवडेच्या आठवडे मदत देत राहू शकतं. दुसऱ्या देशाचं हेलिकॉप्टर आपल्या डेकवर उतरवून बघतात, तेही याचसाठी. संकटात रेडिओवर परका आवाज आला की त्याचं बोलणं कानाला ओळखीचं लागायला हवं.

मार्च २०१९ मध्ये इडाई चक्रीवादळाने मोझांबिकचं बेइरा बंदर उद्ध्वस्त केलं. तिथे पोचलेली आपली पहिली जहाजं सुजाता, शार्दूल आणि तटरक्षक दलाचं सारथी. ही शिकाऊ पोरांना घेऊन फिरणारी प्रशिक्षण ताफ्याची जहाजं. सफरीवर निघालेली, तिथून वळवली. म्हणजे तुझ्यासारखीच पोरं, वर्गातलं अजून ताजं असलेली, एकदम त्या चिखलात उतरली.

तुला इंजिन विभाग मिळाला आणि गोड्या पाण्याच्या यंत्रावर उभं केलं, तर हिरमुसू नकोस. डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवची राजधानी मालेच्या पाणी शुद्ध करणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि सगळं शहर तहानेलं झालं. आपलं सुकन्या जहाज तिथे जाऊन उभं राहिलं आणि समुद्राचं पाणी गोडं करून देऊ लागलं. त्या दिवशी त्या जहाजावर सगळ्यात मोलाचा माणूस कोण असेल, तूच विचार कर. आणि १७ मे २०२१ ची रात्र तुला आठवत असेल, तौक्ते चक्रीवादळ आपल्या अंगावरून गेलं होतं. मुंबईसमोर पी-३०५ बार्ज, म्हणजे सपाट तळाची मोठी नाव, बुडाला, त्यावर २६१ माणसं होती. नौदलाच्या कोची, कोलकाता या नावाच्या आणि इतर जहाजांनी तसल्या दर्यात १८६ जणांना वर घेतलं. बाकीचे गेले. तेही लक्षात ठेव. सराव कितीही केला तरी सगळे हाताला लागत नाहीत, आणि ते ओझं घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा वॉचला, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीला, उभं राहावं लागतं. याबद्दल मोकळेपणी बोलणारा एक तरी सोबती जोड.

मदत घेणं काय असतं, हे मात्र मी नोकरी सोडल्यावर शिकलो. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ तुला सांगायला नको. तुमचे पत्रे माझ्या वाडीत पडले होते आणि माझ्या रोठ्याच्या सुपाऱ्या तुमच्या दारात. पुढचे कित्येक दिवस गाड्या येत होत्या, बिस्किटं आणि जुने कपडे घेऊन. देणाऱ्यांचं मन चांगलंच होतं. पण पाऊस तोंडावर, डोक्यावर छप्पर नाही, वीज नाही, म्हणून विहिरीचा पंप बंद. आम्हाला हवी होती ताडपत्री, पत्रे, करवत. एका टोळीतला एक पोरगा तेवढा गाडीतून उतरून आधी म्हणाला, "आजोबा, पहिला कुठला रस्ता मोकळा करू?" मी त्याला बाळंतीण असलेल्या घराची वाट दाखवली. मला तेव्हा तो श्रीलंकेचा म्हातारा आठवला. आता नाळेवर मी बसलो होतो.

तू कुठल्याही किनाऱ्यावर उतरलीस तर सामान खाली ठेवायच्या आधी तिथल्या माणसाला विचार. बाई असलीस म्हणून तुला एक गोष्ट जास्त जमेल. छावणीतल्या बायका पुरुष खलाशाला पाणी मागतील, पण आडोसा, कापड, पाळीची अडचण हे सांगणार नाहीत. तुला सांगतील. ते वरच्यांपर्यंत न लाजता पोचव. माझ्या वेळी हे पोचवणारं कुणी नव्हतं, आणि आम्हाला ते सुचलंही नाही, याचं मला वाईट वाटतं.

बोटीबद्दल थोडं. तू तांडेलाची पोर, पण तुलाही बोट लागेल. मोठं जहाज सावकाश कलतं, खाली डिझेलचा वास, क्षितिज दिसत नाही. उपाशी राहू नको, कोरडी पोळी चाव, जमेल तेव्हा वर येऊन लांब बघ. त्यात लाज नाही.

आईला 'कुठे आहेस' याचं उत्तर दरवेळी देता येणार नाही. तिला आत्ताच सांगून ठेव, म्हणजे फोन लागला नाही तर ती घाबरणार नाही.

या पत्राबरोबर तुझ्या बाबांकडे दोन वाव दोर देतोय. मऊ आहे, माझ्याच पेटीतला. गाठी तुला येतात, पण उजेडात. बोलाईन, ती न सरकणाऱ्या फासाची गाठ, रात्री दिवा मालवून मारून बघ, मग हात ओले करून, मग एका हाताने. निघायच्या आदल्या संध्याकाळी माझ्या पडवीत ये, मी पंचा डोळ्यांवर बांधतो आणि तू मारून दाखव.

तुझा,
शेजारचा काका