आजीचं डायलिसिस आणि कोजागिरीचं दूध

प्रिय सई,

तू विचारलंस की डायलिसिस करायचं का, हे आजीने ठरवायचं सोडून काका, आत्या आणि आम्ही फोनवर बसून काय ठरवतो? आणि घरात एवढं चालू असताना कोजागिरीच्या दुधाच्या गप्पा सुचतात कशा?

आधी पहिलं. डायलिसिस म्हणजे थकलेल्या किडनीचं रक्त गाळायचं काम मशीनवर: आठवड्यातून ३ खेपा, दर खेपेला साधारण ४ तास सुया टोचून बसायचं, आणि घरी आल्यावर अंगात त्राण नसतं. नेणार-आणणार काका. बिनमिठाचं वेगळं शिजवणार काकू. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, पण त्यासाठी रेशनकार्ड, आधार घेऊन कुणीतरी धावायला लागतं. ज्यांच्या अंगावर काम पडणार, ते बोलायला बसतात, एवढंच. मात्र आजी शुद्धीत आहे, तिला कळतंय, तोवर संमतीची सही कायद्यानेही तिचीच. आपल्याकडे घोडं अडतं ते वेगळ्याच जागी. "तिला सगळं सांगू नका" म्हणून अर्धंच सांगतात, मग ती म्हणते, "तुम्ही ठरवशीला तसं," आणि सगळे तो होकार धरतात. तो धरायचा नाही. छोटे प्रश्न विचारायचे: आठवड्यातले ३ दिवस दवाखान्यात गेले तर चालेल का? पाणी मोजून प्यायला जमेल का? काय सोडायची अजिबात तयारी नाही?

दुसरी अडचण पंचांगाची. डायलिसिससाठी हातातल्या रोहिणी आणि नीला या दोन रक्तवाहिन्या जोडून फिस्टुला करतात. ऑपरेशन छोटं, हात बधिर करून होतं, पण ती नस फुगून सुई घेण्याजोगी व्हायला ६ आठवडे ते ३ महिने लागतात. आपल्याकडे काय होतं, पितृपक्षात नको, मग नवरात्र, मग दसरा, मग "दिवाळी होऊन जाऊ दे". पितृपक्षाच्या पहिल्या दिवसापासून भाऊबीजेपर्यंत दीड महिना सरतो. तेवढ्यात रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी थकली की साचणारा कचरा, चढलं, धाप लागली, तर मानेत तातडीची नळी घालावी लागते आणि तिला जंतुसंसर्गाचा धोका फिस्टुलापेक्षा बराच जास्त. पितृपक्षात करून घेतला असता तर दिवाळीपर्यंत हात तयार व्हायच्या बेतात आला असता. फिस्टुला केला म्हणून डायलिसिस करायलाच हवं असंही नाही. निर्णय पुढे ढकलायचा असेल तर ढकला, हात तेवढा तयार ठेवा, असं माझं मत.

दुसरा प्रकार पोटाच्या डायलिसिसचा, तो घरीच होतो: २ लिटर द्रावणाची पिशवी, दिवसातून ३-४ वेळा नळीने पोटात भरायची आणि काढायची. बाहेर आलेलं पाणी गढूळ दिसलं तर संसर्ग समजून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आणि डायलिसिस न करता खाज, धाप, मळमळ यांवर औषधं घेत राहणं हाही खरा उपचार आहे. वय फार असेल, हृदयही थकलेलं असेल, तर डायलिसिसने आयुष्य फारसं वाढेलच असं नाही. दोन-तीन महिने करून बघायचं आणि पुन्हा बसून ठरवायचं, असंही आधी बोलून ठेवता येतं. सुरू केलेलं थांबवता येतं. आपण बोलण्याच्या स्थितीत नसू तेव्हा काय करू नये, हे माणसाला लिहून ठेवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केलं. २०२३ पासून त्यासाठी २ साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे होतात.

आता दूध. जिथे, आपल्या कोल्हापुरात, गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध समोर पिळून मिळतं, त्या गावच्या माणसाला दूध मोजून पी म्हणणं म्हणजे शिक्षाच. पण कोजागिरीचं दूध नेमकं किडनीच्या मुळावर येतं. लिटरभर दूध पाऊण होईतो आटवलं की पाणी उडतं, पोटॅशियम आणि फॉस्फरस पातेल्यातच राहतात. वर बदाम, पिस्ते, चारोळी, म्हणजे त्यात आणखी भर. पोटॅशियम चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. फॉस्फरसने अंगाला खाज सुटते, हाडं ठिसूळ होतात. म्हणून डॉक्टरांनी होकार दिला तर आजीचं दूध वेगळं: न आटवलेलं, अर्धी वाटी, म्हणजे ६०-७० मिली, त्यात साखर, केशर, वेलदोडा आणि जायफळाची चिमूट. सुकामेवा नाही. ती अर्धी वाटी दिवसाच्या पाण्याच्या हिशोबात धरायची. डायलिसिसच्या खेपांमध्ये एकदा दोन दिवसांची सुट्टी येते, तेव्हा सगळं जास्त साचतं; कोजागिरी त्यात आली तर दोन घोटच.

सणासाठी खेप चुकवायची नाही, आधी सांगून वेळ बदलून घ्यायची. फराळात मीठ कमी हवं, पण दुकानातलं "लो सोडियम" मीठ मुळीच नको, त्यात थोड्या सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेलं असतं. ही चूक चांगली शिकलेली माणसंही करतात.

फिस्टुला झाला की त्या हातात घट्ट बांगड्या नाहीत, त्या हाताचं बीपी घ्यायचं नाही, रक्त काढू द्यायचं नाही, उशाखाली तो घ्यायचा नाही. रोज सकाळी दोन बोटं ठेवून बघायची: मांजर गुरगुरताना हाताला लागते तशी थरथर लागली पाहिजे. थांबली तर उद्यावर न टाकता लगेच दवाखाना. नवरात्रात अंबाबाईला जायचं तर रांगेत रेटारेटी नको, लांबून मुखदर्शन घ्यावं. दसऱ्याचं सोनं द्यायला माणसं घरी येतातच.

रविवारी फोन करशील तेव्हा काकांना नको, आजीलाच विचार: बांगड्या कुठल्या हातातल्या काढायला चालतील? फिस्टुला जमलं तर कमी वापरातल्या हाताला करतात, आणि त्या हातातून आतापासूनच रक्त काढू द्यायचं नसतं.

तुझा,
बाबा