परसात माड लावताना रोप केवढं घ्यावं?

प्रश्न : घरामागे तीन-चार माड लावायचे आहेत. रोपं विकणारा म्हणतो, पुरुषभर उंचीचं तीन वर्षांचं रोप लावा, लवकर नारळ धरतील. घ्यावं का? (एक बागायतदार, गुहागर तालुका)

उत्तर : घेऊ नका. ९ ते १२ महिन्यांचं रोप घ्या. पाच-सहा पानं, बुंध्याचा घेर १० सेंटिमीटरच्या वर आणि पानं लवकर फाटू लागलेली असावीत. उंची बघूच नका. दाटीत, सावलीत वाढलेलं रोपही उंच दिसतं, पण बुंधा काडीसारखा असतो.

कोवळ्या रोपाला साधारण वर्षभर नारळातलं खोबरं पोसतं. ही शिदोरी असेपर्यंत त्याची मुळं तुमच्या जमिनीत शिरली पाहिजेत. तीन वर्षांच्या रोपाची शिदोरी कधीच संपलेली असते, मुळं पिशवीत गुंडाळलेली असतात आणि उपटताना निम्मी तुटतात. मग ते दोन पावसाळे आहे तिथेच बसतं. अशी खुंटलेली रोपं मी कित्येक वाड्यांत पाहिली आहेत. शेजारचं लहान रोप त्याला मागे टाकतं. विक्रेत्याला जुना माल खपवायचा असतो, एवढंच. अपवाद फक्त पाणथळ जागेचा. तिथे दीड-दोन वर्षांचं रोप, तेही जोराचा पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरात.

लवकर फळ हवं तर जात बदला, रोपाचं वय नको. टी×डी, डी×टी (उंच आणि ठेंगू जातींचे) संकर चार-पाच वर्षांत धरतात, बाणवली या उंच जातीला सहा-आठ लागतात. रोप कृषी विद्यापीठाच्या किंवा सरकारमान्य रोपवाटिकेतूनच घ्या. बाजारात 'संकरित' म्हणून काय मिळेल ते सांगता येत नाही.

खड्डा मीटरभर लांब, रुंद, खोल. लागवड पहिल्या पावसात. जुलैच्या धो धो पावसात खड्ड्यात पाणी साचतं, माती वाहून येऊन कोंब बुजतो. नारळ जेमतेम मातीखाली जाईल इतपतच लावा. भिंतीपासून ५ मीटर, दोन माडांत साडेसात मीटर अंतर ठेवा. वर विजेची तार नको. पहिल्या उन्हाळ्यात झापांची सावली आणि पाणी चुकवू नका.

रोपासोबत दुकानदार टॉनिकची बाटली आणि युरिया गळ्यात मारतो. लावताना खड्ड्यात युरिया नको. पुन्हा सांगतो, नको. पहिल्या वर्षी मोठ्या माडाच्या खताच्या मात्रेचा पाचवा हिस्सा, तोही हप्त्यांनी. पोंग्यात (शेंड्याच्या कोवळ्या पानांत) फोरेट या कीटकनाशकाची पुडी टाका असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, त्यावर बंदी आहे. घरच्या माडाचं शहाळं घरची पोरं पिणार असतात. गेंड्या भुंगा तारेच्या हुकाने ओढून काढा आणि शेणखताचा ढीग माडापासून लांब ठेवा, भुंगा तिथेच वाढतो.

अनुदानाचं : भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत कोकणात किमान १० गुंठे जमीन लागते. चार माडांना ती लागू नाही.