टीम घरी असली तरी काळजी ऑफिसनेच घ्यायची

प्रश्न : मी हिशेबाची कामं करणाऱ्या एका कंपनीत टीमलीडर आहे. माझी माणसं सिन्नर, मालेगाव, जळगाव, अकोला अशी विखुरलेली, सगळी घरूनच काम करतात. हल्ली मीटिंगमध्ये सगळे गप्प, कॅमेरे बंद. एका मुलीने मान धरली म्हणून आठवडाभर रजा काढली. वरिष्ठ म्हणतात, थोड्या थोड्या वेळाने स्क्रीनचा फोटो काढणारं सॉफ्टवेअर बसवू, म्हणजे लोक कामाला लागतील. मला ते पटत नाही, पण दुसरं काय करावं हेही सुचत नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्हाला पटत नाही ते योग्यच आहे. ते सॉफ्टवेअर बसू देऊ नका. भोसरीच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं सेफ्टी ऑफिसर होतो. तिथे आमच्याकडे ‘निअर मिस’ची वही असायची. कोणी तेलावरून घसरता घसरता वाचला, क्रेनचा हूक निसटला पण खाली कोणी नव्हतं, असं काही घडलं की त्यात नोंद करायची. नोंद करणाऱ्यालाच मेमो मिळाला, तर पुढचे महिनाभर वही कोरी. उलट दुसऱ्या दिवशी ते तेल पुसलेलं दिसलं, की तीच माणसं आपणहून येऊन सांगायची. तुमची माणसं गप्प आहेत, कारण सांगून काही होतं असा अनुभव त्यांना अजून आलेला नाही. पाळत ठेवलीत तर ती आणखी गप्प होतील.

म्हणून सुरुवात त्या मुलीच्या मानेपासून करा. नुसतं ‘बरी आहेस ना?’ नको. कशावर बसतेस, लॅपटॉप कशावर ठेवतेस, पाय जमिनीला टेकतात का, असं विचारा. सांगलीतल्या एका मुलाची बसायची जागा मी स्वतः पाहिली आहे. आईच्या शिलाई मशीनवर लॅपटॉप, खाली पायडल असल्यामुळे पाय कायम तिरके, आणि बसायला प्लास्टिकची खुर्ची. एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लॅपटॉप, राउटर आणि सकाळी घरच्यांची इस्त्री. बोर्डाची भोकं काळी पडली होती. त्याचा स्क्रीन दिवसभर तपासणाऱ्या त्याच्या साहेबांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

लॅपटॉपची मुख्य अडचण अशी, की स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले. स्क्रीन डोळ्यांसमोर आणला तर हात वर उचलावे लागतात, हात सुखात ठेवले तर मान वाकते. म्हणून प्रत्येकाला वेगळा कीबोर्ड आणि माउस द्या. लॅपटॉपखाली स्टँड, नाहीतर जाड पुस्तकं. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी, कोपरं काटकोनात, आणि पाय टेकत नसतील तर खाली पाट. हा खर्च कंपनीचा. सॉफ्टवेअरला पैसे आहेत तर यालाही आहेत, असं वरिष्ठांना स्पष्ट सांगा.

इस्त्री, हीटर कामाच्या बोर्डवर कधीच नको. अर्थिंगची पिन मोडून प्लग बसवलेला असेल तर तो आधी बदलायला लावा. आणि वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की अडॅप्टर नि राउटर काढून ठेवायचा, काम थांबलं तरी चालेल, हे तुम्ही आधीच सांगून ठेवा. तुमच्या तोंडून ते आलं नाही, तर डेडलाइनच्या धास्तीने कोणी पिन काढणार नाही.

आता मीटिंगचं. कॅमेऱ्याची सक्ती सोडा. दोन खोल्यांत सहा माणसं राहतात तिथे कॅमेरा लावला की अख्खं घर चव्हाट्यावर येतं. त्याऐवजी पंधरवड्यातून एकदा प्रत्येकाशी एकेकट्याने फोनवर बोला. कारखान्यात शिफ्टच्या आधी पाच मिनिटांचा ‘टूलबॉक्स टॉक’, म्हणजे सुरक्षेबद्दलचं छोटं बोलणं, असतं. रोज सुपरवायझरच बोलला की लोक जांभया देतात, म्हणून आम्ही पाळ्या लावल्या होत्या. तुम्हीही लावा : ज्याची पाळी त्याने एक अडचण सांगायची, आणि पुढच्या मीटिंगला तिचं काय केलं ते तुम्ही सांगायचं.

रात्रीचे मेसेजही थांबवा. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी अधिक असतो, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं आहे. कोणी फारच खचलेलं वाटलं तर ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

प्रश्न : मी घरून काम करते. आमचे मॅनेजर रात्री अकरानंतर व्हिडिओ कॉल करतात आणि कपड्यांबद्दल बोलतात. हे ऑफिसात घडलेलं नाही, मग तक्रार करता येईल का?
– नाव न देण्याच्या विनंतीवरून

उत्तर : येईल, ताई. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामाच्या ठिकाणाची जी व्याख्या आहे, तिच्यात घरही येतं. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर कंपनीत अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि तिची अध्यक्ष महिलाच असते. त्याहून लहान कंपनी असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तक्रार लेखी द्या, शेवटच्या प्रकारापासून तीन महिन्यांच्या आत. तोवर मेसेज पुसू नका, कॉलच्या तारखा आणि वेळा लिहून ठेवा. चौकशी चालू असताना त्या माणसाच्या हाताखालून बदली मिळावी, असंही समितीकडे लेखी मागता येतं. ते पहिल्याच अर्जात मागा.