वाकळीला जमीन लागते

प्रिय मावशी,

मी सांगलीच्या गावभागात राहते. वय २८. मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघते. तुळशीच्या लग्नानंतर माझं लग्न आहे, हातात सात आठवडे उरलेत. मुलगा साताऱ्याचा, स्वभावाने चांगला. तक्रार लग्नाबद्दल नाही.

श्रावणात मी आजीच्या लुगड्यांची वाकळ शिवायला घेतली. २०१९ च्या महापुरात ती लुगडी माळ्यावर होती म्हणून वाचली. आजी आता नाही. रोज जेवणं झाली की पुढच्या खोलीत वाकळ पसरायची आणि तासभर टाके घालायचे, एवढीच माझी चैन. आता तिथे आहेराच्या साड्या, टोप्या-टॉवेल आणि पत्रिकांचे गठ्ठे आहेत. वाकळ गुंडाळून माळ्यावर गेली. वर 'तुझ्या हातात कला आहे' म्हणत माझ्या सख्ख्या नात्यातल्या मावशीने ओटीसाठी ५१ बटवे, आत्याने रुखवत आणि मामाने पत्रिकांची पाकिटं सुंदर अक्षरात लिहायचं काम माझ्यावर टाकलंय. अंतरपाट मीच भरणार, हे मात्र मीच म्हणाले होते.

बाबा रोज रात्री बोटांवर अक्षरं मोजत माझ्या लग्नासाठी मंगलाष्टक लिहितात. त्यांना कुणी काही बोलत नाही, उलट चहा मिळतो. मी सुई हातात घेतली की आई विचारते, "बटवे किती झाले?" आणि होणारा नवरा फोनवर म्हणतो, "आता लग्नाकडे लक्ष दे गं, हे सगळं नंतर बघू." नंतर म्हणजे कधी? की मीच फार मनाला लावून घेतेय?

– सुई-दोरा, सांगली

प्रिय सुई-दोरा,

'उलट चहा मिळतो' एवढं लिहून तू पुढे निघून गेलीस. मी मात्र तिथेच अडकले.

बाबांना चहा का मिळतो, सांगू? त्यांच्या मंगलाष्टकाचा लग्नघराला काडीचा उपयोग नाही. गुरुजींना आठही पाठ असतात, शिवाय गाणाऱ्या दोन आत्या प्रत्येक लग्नात असतातच. बाबांनी नाही लिहिलं तरी 'सावधान' व्हायचं ते होणारच. म्हणून ती हौस झाली, आणि हौसेला कुणी हिशेब विचारत नाही. तुझी सुई उपयोगाची पडली, म्हणून तुझ्या नावाने यादी निघाली. शिवाय ते बाबा आणि तू लेक. हे लिहायची खरं तर गरज नव्हती, तरी लिहिते.

आता बटवे. दिवसभर क्विंटलचे हिशेब करणाऱ्या मुलीने हा हिशेब अजून मांडलेला नाही, याचं मला नवल वाटलं. बटवा नीट करायचा तर कापणं, अस्तर, शिवण आणि नाडी ओवणं धरून चाळीस मिनिटं कुठे गेली नाहीत. ५१ बटवे म्हणजे ३४ तास. सात आठवड्यांच्या रात्री ४९. त्यातून दिवाळीचा फराळ, केळवणं, बस्ता, घरोघर पत्रिका द्यायला जाणं आणि 'आज अंगात त्राण नाही' अशा रात्री काढ. तीस उरल्या तर खूप झालं. रोजचा तुझा एक तास पुरता दिलास तरी बटव्यांसाठी मुहूर्त चार दिवस पुढे ढकलावा लागेल.

हा हिशेब कागदावर मांड आणि आईला दाखव. मावशीला आधी नको. मावशीला तू परस्पर 'नाही' म्हणालीस की तो आईच्या माहेरचा अपमान होतो आणि मग बटवे बाजूला राहून भलतंच सुरू होतं. आईनेच फोन लावावा आणि तू मागून म्हणावंस, "मावशी, बटवे तयार आणतोय, पण रंग तू निवडायचेस, त्यातलं मला काही कळत नाही." मावशी दुसऱ्याच दिवशी बाजारात हजर.

पाकिटांवरची नावं मामानेच लिहावीत. कोणाच्या पुढे 'व सौ.' आणि कोणाच्या पुढे 'सहकुटुंब सहपरिवार', हे त्यालाच ठाऊक. त्यात तुझी एक चूक झाली तर पुढची वीस वर्षं ऐकावी लागेल, अक्षर कितीही सुंदर असो. रुखवताचं म्हणशील तर आत्याला ते मांडायची हौस असते, करायची नाही, असा माझा अनुभव आहे. करून देणाऱ्या बचत गटाच्या बायका असतात. मांडणीचा सगळा मान आत्याला दे.

हे झालं की तुझा तास मोकळा होईल असं तुला वाटेल. होणार नाही. लग्नघरात मोकळं माणूस दिसलं की पाच मिनिटांत त्याच्या हातात काहीतरी येतं, निदान अक्षता तरी. म्हणून नवा तास मागायच्या भानगडीत पडूच नकोस. घरात एक तास आधीच मंजूर झालेला आहे, बाबांचा. तिथे जाऊन बस.

खरंच सांगते, गंमत नाही. बाबा लिहायला बसले की त्यांच्या शेजारी वाकळ पसर आणि विचार, "बाबा, कुठं अडलंय?" अडलेलं असणारच. मंगलाष्टक शार्दूलविक्रीडित वृत्तात लिहायचं म्हणजे ओळीला १९ अक्षरं आणि बाराव्यावर यती, म्हणजे थांबा. नुसती १९ भरूनही भागत नाही, लघु-गुरू जागच्या जागी पडावे लागतात. ओळीची सुरुवातच सलग तीन गुरूंनी. तुमच्या दोघांच्या नावांत पहिली दोन अक्षरं लघु असतील तर त्या माणसाने महिनाभर काय सोसलं असेल याची कल्पना कर! त्यांना ऐकणारं माणूस हवंय आणि तुला पाठराखण. बापलेक बसलेत म्हटल्यावर आई हाक मारताना दोनदा विचार करेल. चहा येईल तो दोन कप येईल. पहिले काही दिवस चहा तूच टाकावा लागेल, तेवढं चालवून घे.

वाकळ माळ्यावरून काढशील तेव्हा लगेच पुढचा टाका घालू नकोस. अर्धवट शिवलेली वाकळ गुंडाळून ठेवली की आतला थर सरकतो. ती तशीच शिवत गेलीस तर मधोमध पोट सुटतं आणि मग उसवण्यावाचून इलाज नाही. आधी जमिनीवर पसर, चारी कोपऱ्यांवर वजन ठेव, तळहाताने मधून कडेकडे सारखी कर आणि वीतवीतभर अंतरावर कच्चे टाके घालून घे. एक रात्र त्यातच जाईल. जाऊ दे. उंदरांनी कुठे कुरतडलं नाही ना, तेही त्याच वेळी बघ.

या सगळ्याला जमीन लागते, आणि जमिनीवर तुझा आहेर बसलाय. क्रोशा विणणारीला खुर्ची पुरते, चित्र काढणारीला टेबल. वाकळीला निदान सहा बाय चार फूट मोकळी फरशी हवी, आणि ती रोज रिकामी मिळायला हवी. साड्यांचे गठ्ठे शेजारच्या काकूंकडे पाठव. लग्नघराचं अर्धं सामान शेजारी असतं, त्यात संकोच कसला? पुराच्या वेळी गावभागात कोणाचं काय काय कोणाच्या माळ्यावर राहिलं होतं, ते तू मला सांगायचं.

आईने गठ्ठे नेमके तुझ्याच जागेवर का रचले असतील? दुसरी जागा नव्हती, एवढं साधं असेल. मला आपली एक शंका येते. आठ आठवड्यांनी जेवणं होतील, भांडी घासून होतील आणि ती फरशी रिकामी दिसेल. ते बघवणार नाही म्हणून तिने आत्तापासूनच ती भरून टाकली असेल. मी तुझ्या आईला ओळखत नाही, चुकतही असेन. 'बटवे किती झाले' याचा राग येईल तेव्हा एवढं आठव, मग हवं तर राग धर.

आता साताऱ्याकडे वळू. 'नंतर बघू' या दोन शब्दांवरून माणूस वाईट ठरवू नकोस. त्याच्या घरीही मांडववाला, वाजंत्री, मानाचे फेटे चालू असणार, आणि तुझं शिवणं त्याला फोनवर ऐकून माहीत, डोळ्यांनी बघितलेलं नाही. त्याला वाटत असेल, हिचं एखादं छोटं काम राहिलंय. त्यामुळे 'माझी कला', 'माझी ओळख' असलं मोठं काही बोलायला जाऊ नकोस. त्या शब्दांना 'हो गं, नक्की' एवढंच उत्तर येतं. मापात विचार. "तुमच्या घरात रात्री साडेनऊ ते साडेदहा सहा बाय चार फूट मोकळी फरशी कुठे मिळेल? मोजून फोटो पाठव."

बिचारा टेप घेऊन उठेल तेव्हा त्याला पहिल्यांदा कळेल की हॉलमध्ये त्या वेळी आईंची मालिका असते, बेडरूममध्ये पलंग आणि कपाट सोडून पाऊल ठेवायला जागा नाही, आणि गच्ची म्हणावी तर साताऱ्याच्या आषाढात तिथे छत्री घेऊन बसावं लागेल. मग तो एकतर पलंग सरकवून बघेल, नाहीतर आईंशी बोलेल. तू बोलण्याआधी त्याने बोललेलं केव्हाही बरं. नवी सून आल्या आल्या जागा मागते, याची गोष्ट होते. मुलाने आधीच 'ती इथं बसणार आहे' म्हटलं की त्याची गोष्ट होत नाही. आठ दिवसांत फोटो आला नाही तर पुन्हा विचार, हसत विचार, पण विचारच. तिसऱ्यांदाही 'नंतर' म्हणाला तर कराडला अर्ध्या वाटेवर भेटा आणि समोरासमोर बसून बोला. फोनवर हे सुटत नाही.

मनाला लावून घेतेयस का, असं विचारलंस. हो, घेतेयस. आजीची लुगडी पुरातून वाचून तुझ्या हातात आलीत, ती माळ्यावर चढवताना मनाला लागलं नसतं तर मला काळजी वाटली असती. वाकळ लग्नाआधी पुरी व्हायलाच हवी असं मात्र धरून बसू नकोस. अर्धी घेऊन जा. साताऱ्यातली पहिली थंडी तिचे उरलेले टाके घालण्यात जाईल, आणि नव्या घरात रात्री साडेनऊला हातात काय घ्यायचं हा प्रश्न पडणार नाही.

राहिला अंतरपाट. तो कर, नक्की कर. तेवढं एकच काम तू स्वतःहून मागितलं होतंस.

त्याच्यावर भरतकामाचे गोळे नकोत. अंतरपाट दोन्हीकडून दोन माणसं धरतात, जड झाला की मध्ये झोळ पडतो आणि मुलाचं कपाळ वरून दिसायला लागतं. दोन्ही कडांना टीचभर जागा कोरी सोड, धरणाऱ्याची बोटं तिथे येतात. आणि मुख्य म्हणजे या कापडाला उलटी बाजू नसते. एक बाजू तुला दिसणार, दुसरी त्याला. गाठींचा टाका घातलास तर एकाच्या वाट्याला नुसते दोरे येतील. तुझा वाकळीचा धावदोरा इथे कामाला येतो, दोन्हीकडून जवळजवळ सारखा. नवं सुती कापड, त्यावर कुंकवाच्या रंगाच्या दोऱ्याने स्वस्तिक आणि भोवती दोन ओळी. चार रात्री पुरतील. आजीच्या लुगड्याची बारीक काठपट्टी खाली लावायचं मनात असेल तर आईला विचार. काही घरांत अंतरपाट पूर्ण कोराच लागतो, आणि हा वाद मांडवात नको.

आणखी एक. माझ्या लग्नात मी अंतरपाट स्वतः भरला होता. हळदीच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत जागून मोरांचे डोळे पुरे केले. मुहूर्ताला गुरुजींनी सवयीने आपल्या पिशवीतला अंतरपाट काढला, कुणीतरी दुसरं टोक धरलं, आणि माझा अंतरपाट पाठराखणीच्या पर्समध्ये राहिला. मी समोर बोहल्यावर, खाली मान घालून, ओरडणार कशी? तुझा अंतरपाट आदल्या दिवशीच गुरुजींच्या हातात दे, आणि कोणी धरायचा ते दोन जणांना नावानिशी सांगून ठेव. माझा पुढे अकरा वर्षं टीव्हीवर होता.

– तुझी मावशी