तुमचे प्रश्न : कॉक्लिअर इम्प्लांट, ऑपरेशनच्या आधी आणि नंतर

कानाच्या विषयावर यावेळी बरीच पत्रं आली. त्यातली तीन इथं घेतली आहेत, कारण बाकीच्या बऱ्याच पत्रांत हेच विचारलं होतं.

प्रश्न (एक आई, रावेर तालुका) : मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. हाक मारली तर बघत नाही पण कुकरची शिट्टी झाली की दचकते, ताट पडलं की वळते, म्हणून सासूबाई म्हणतात तिला ऐकू येतं, तिचे पप्पा पण उशिराच बोलले होते. बेरा टेस्ट (कानाच्या नसेपर्यंत आवाज पोचतो का ते यंत्रानं बघतात ती) केली तर दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही असं निघालं. डॉक्टर म्हणतात कॉक्लिअर इम्प्लांट करा. डोक्यात मशीन बसवणार म्हणून घरात सगळे घाबरलेत. पाच वर्षांची झाल्यावर केलं तर नाही का चालणार?

उत्तर : ताई, थांबू नका, हे आधी सांगते आणि मग बाकीचं. कुकरची शिट्टी, डीजे, ट्रॅक्टर हे खूप मोठे आवाज आहेत, ताट पडलं की फरशी पण हादरते आणि ते पायाला कळतं. आपलं साधं बोलणं साधारण 60 डेसिबलचं असतं आणि तुमच्या मुलीसारख्या मुलांना 90च्या पुढचंच काहीतरी जाणवतं. म्हणजे शिट्टीला दचकणारी पोरगी आईची हाक अजिबात ऐकत नसेल हे अगदी शक्य आहे. बेराचा रिपोर्ट माना, घरातला अंदाज नको.

डोक्यात म्हणजे मेंदूत काहीही घालत नाहीत हो. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो, त्यातल्या बारीक केसासारख्या पेशी आवाज पकडून नसेला देतात, त्याच खराब असल्या तर साध्या कानाच्या मशीननं आवाज कितीही वाढवला तरी पुढं काही पोचत नाही. इम्प्लांट या पेशींना बाजूला ठेवून सरळ नसेलाच सिग्नल देतं. कानामागं बाहेर प्रोसेसर असतो, तो आवाज घेतो, चुंबकानं डोक्याला चिकटलेली गोल कॉइल तो कातडीतून आतल्या भागाला पाठवते आणि तिथून एक बारीक तार त्या शंखात गेलेली असते. आतल्या भागाला स्वतःची बॅटरी नसते, त्यामुळं बाहेरचं काढलं की ऐकू येणं बंद. आणि हा काही नवा प्रयोग नाही, ऑस्ट्रेलियात मेलबर्नला ग्रॅम क्लार्क यांनी 1978 मध्येच अनेक इलेक्ट्रोडचं इम्प्लांट बसवलं होतं, लहान मुलांसाठी अमेरिकेत 1990 ला परवानगी मिळाली.

धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. भूल पूर्ण द्यावी लागते, चेहऱ्याची नस जवळून जाते म्हणून सर्जन अनुभवी हवा, त्या कानात थोडंफार ऐकू येत असेल तर ते जाऊ शकतं, आणि मेंदूज्वराचा धोका थोडा वाढतो म्हणून न्यूमोकोकलची लस आधी पूर्ण करून घेतात. एमआरआय आणि सीटी होईल, कारण ऐकण्याची नसच नसेल तर इम्प्लांटचा उपयोग नाही.

आता पाच वर्षांचं. ऐकण्याचा मेंदूतला भाग पहिल्या तीन-साडेतीन वर्षांतच घडतो, तोपर्यंत आवाज गेला नाही तर ती जागा दुसऱ्या कामाला लागते, नंतर ऑपरेशन छान झालं तरी बोलणं समजायला फार जड जातं. त्यात आधी काही महिने साधी मशीन लावून बघतात, तपासण्या, लस, कागद, यातच वेळ जातो. केंद्र सरकारच्या एडिप योजनेत, म्हणजे दिव्यांगांना साधनं द्यायच्या योजनेत, जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलांना पाच वर्षांच्या आतच घेतात आणि उत्पन्नाची अट पण आहे. मुंबईत बांद्र्याची अली यावर जंग ही ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची केंद्राची संस्था हे काम बघते. तुम्ही आधी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डीईआयसीत, म्हणजे लहान मुलांमधले दोष लवकर ओळखायच्या केंद्रात जा, अंगणवाडीत तपासायला येणाऱ्या आरबीएसकेच्या (मुलांच्या आरोग्य तपासणीचा सरकारी कार्यक्रम) टीमलाही सांगा. उत्पन्नाचा दाखला, मुलीचं दिव्यांग प्रमाणपत्र, आधार, जन्मदाखला आजच काढायला टाका.

प्रश्न (एक आजोबा, शिरपूर) : नातवाचं इम्प्लांट होऊन आठ महिने झाले. मशीन चालू केलं त्या दिवशी तो खूप रडला, अजून एक शब्द बोलत नाही. मशीन ओढून काढतो म्हणून कपाटात ठेवतो, थेरपीला नेताना लावतो. घरी आम्ही अहिराणी बोलतो, एकानं सांगितलं फक्त मराठीच बोला नाहीतर पोरगं गोंधळेल. सगळं वाया गेलं का?

उत्तर : आजोबा, वाया गेलेलं नाही पण मशीन आज कपाटातून बाहेर काढा. त्याचं ऐकण्याचं वय मशीन चालू झालं त्या दिवसापासून मोजायचं, आठ महिन्यांचं बाळ तरी कुठं बोलतं? आणि हे आठ महिने पण मशीन लावलेल्या वेळेचेच धरायचे. आठवड्यातून तासभर ऐकून कुठलंच मूल भाषा शिकत नाही. झोप आणि आंघोळ सोडून दिवसभर कानावर पाहिजे. पहिल्या दिवशी रडला ते बहुतेक मुलं रडतात, तो घाबरतो कारण आवाज ही गोष्टच त्याला माहीत नव्हती. पण अजूनही ओढून काढत असेल तर मॅपिंगला, म्हणजे मशीनचे आवाज त्याच्या कानाप्रमाणे सेट करायला न्या, आवाज जास्त सेट झालेला असू शकतो, आणि तोपर्यंत कापडी टोपी किंवा हेडबँडमध्ये बसवा.

रोज सकाळी एक चाचणी करा. आ, ऊ, ई, म, श, स हे सहा आवाज. त्याच्या पाठीमागं बसायचं, ओठ दिसायला नको, एकेक आवाज काढायचा आणि ऐकू आला की त्यानं एक बांगडी वाटीत टाकायची. आधी तुम्ही आणि सूनबाई खेळून दाखवा, दोन-चार दिवसांत तो धरेल. काल 'स' ला टाकत होता आणि आज टाकत नाही तर बॅटरी, वायर, कॉइल बघा, मुलाला आळशी म्हणू नका. या वायरी तुटतातच आणि महाग असतात, वॉरंटीत काय बसतं ते लेखी घेऊन ठेवा.

आणि अहिराणीच बोला. ज्या भाषेत तुम्ही दिवसभर न थांबता बोलू शकता तीच त्याची भाषा, मराठी शाळेत येईल. "आठे ये", "काय शे?" हे त्याला दिवसातून शंभरदा कानावर पडलं पाहिजे. सूनबाई कळण्याची भाकरी थापतात तेव्हा त्याला शेजारी बसवा, आधी थापण्याचा आवाज ऐकू द्या, थांबा, तो वळला की मग भाकरी दाखवा आणि शब्द सांगा. आधी कान, मग डोळे. टीव्ही बंद ठेवा, त्या गोंगाटात प्रोसेसरला तुमचा आवाज वेगळा काढता येत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडं घामानं मशीन लवकर खराब होतं, रात्री सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, गाडीत उन्हात विसरू नका.

प्रश्न (एक आई, एरंडोल) : माझं लग्न मामाच्या घरात झालंय. पहिल्या मुलाला ऐकू येत नाही, त्याचं इम्प्लांट झालं. आता दुसऱ्यांदा दिवस गेलेत. घरात म्हणतात दोष माझ्यात आहे. दुसऱ्यालाही असंच होईल का?

उत्तर : ताई, दोष एकट्या तुमच्यात नाही आणि हे तुमच्या घरच्यांना वाचून दाखवा. जवळच्या नात्यात लग्न झालं की एकच खराब जनुक दोघांकडं असण्याची शक्यता वाढते, दोघांनाही नीट ऐकू येतं पण बाळाला दोघांकडून तेच आलं तर ऐकू येत नाही. कारण ते असेल तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक, म्हणजे 25 टक्के शक्यता, आणि ती आईकडून जितकी तितकीच बापाकडून. पण कारण दुसरं पण असू शकतं, जन्मानंतरची जास्त कावीळ, कमी दिवसांचं बाळ, गरोदरपणातला संसर्ग, म्हणून पहिल्या मुलाची जनुकीय तपासणी करून घ्या, म्हणजे अंदाजावर बोलणं थांबेल.

बाळंतपण जिथं करणार तिथं आत्ताच विचारून ठेवा की ओएई, म्हणजे नवजात बाळाच्या कानाची पहिली तपासणी, होते का. होत नसेल तर पहिल्या महिन्यात जिल्ह्याला नेऊन करा, बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत होते, दुखत नाही. रिपोर्टवर 'पास' आलं तरी तुमच्या बाबतीत बेरा पण करून घ्या, आणि 'रेफर', म्हणजे पुढं तपासा, असं आलं तर तिसरा महिना उलटू देऊ नका, सहाव्या महिन्यापर्यंत कानाला मशीन लागलेलं पाहिजे.